‘आमेन’ ओठांवर अडते तेव्हा

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे मी बाजूला काढून ठेवली होती. चारही नाशिक शहरातून आलेली, चारही निनावी, आणि चौघांचीही विनंती एकच, की आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, नाव छापू नये. एवढी भीती का वाटावी, हा विचार पत्रे वाचताना मनातून जाईना. या वेळी दुसरे विषय मागे ठेवून याच चार पत्रांना उत्तरे देतो. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी नाशिक रोडला राहते, वय ४१. आम्ही एका सभागृहात भरणाऱ्या फेलोशिपमध्ये जातो आणि तेथे मी उपासनेत गाते. आईला कर्करोग झाला तेव्हा मंडळीने २१ दिवस आळीपाळीने साखळी प्रार्थना केली. बाहेरगावाहून आलेल्या एका सेवकाने, म्हणजे उपदेशकाने, सर्वांसमोर ‘आई बरी झाली आहे, असे प्रभू म्हणतो’ असे सांगितले. आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि देवाने आईला बरे केले अशी मी सर्वांसमोर आगाऊ साक्षही दिली. अडीच महिन्यांनी आई गेली. त्यानंतर मंडळीतल्या एका ज्येष्ठ बहिणीने मला बाजूला घेऊन सांगितले, ‘तुमच्या घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला.’ तेव्हापासून गाताना हात वर जातो, पण आत काहीच हलत नाही. मी ढोंगी झाले आहे असे वाटते. गाणे सोडावे का? प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकरी आणि द्राक्षारस, घ्यावे का? की मंडळीच सोडावी?

उत्तर : ताई, सर्वांत आधी आपल्या आईविषयी. त्या गेल्या त्याला आपला विश्वास कारण नाही, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचाही नाही. केवळ आपली समजूत घालावी म्हणून मी हे लिहीत नाही. पवित्र शास्त्र तसे सांगते म्हणून लिहितो. प्रेषित पौलाने आपला सहकारी त्रफिम याला मिलेत येथे आजारी अवस्थेतच मागे ठेवले आणि तसे आपला शिष्य तीमथ्य याला पत्रात सरळ कळवले. तीमथ्याचे स्वतःचे पोट सारखे बिघडत असे. त्याला पौलाने ‘विश्वास वाढव’ असे लिहिले नाही, थोडा द्राक्षारस घेत जा असे लिहिले. आणि पौलाच्या शरीरात जो काटा होता तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. त्यावर ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढेच उत्तर त्याला मिळाले, काटा निघाला नाही. या तिघांच्या घरात कुणाचा विश्वास कमी पडला होता, असे म्हणायला आपल्यापैकी कोण धजेल?

‘तोंडाने कबूल करा म्हणजे मिळालेच’ ही शिकवण प्रेषितांच्या काळापासून चालत आलेली नाही. ती विसाव्या शतकात अमेरिकेतील केनेथ हेगिन यांच्यासारख्या उपदेशकांनी पसरवली, आणि पुढे उपग्रह वाहिन्यांवरून ती आपल्या हिंदी-मराठी घरांत शिरली. व्यक्तिगत विश्वास आणि पवित्र शास्त्र यांवर भर देणाऱ्या जगभरच्या इव्हँजेलिकल मंडळ्यांनी ती एकमुखाने स्वीकारलेली आहे असेही नाही. २०१० साली केप टाऊन येथे भरलेल्या, याच मंडळ्यांच्या लोझान चळवळीच्या तिसऱ्या जागतिक परिषदेच्या निवेदनात समृद्धीच्या सुवार्तेचा, म्हणजे विश्वास ठेवला की आरोग्य आणि पैसा मिळतोच या शिकवणीचा, स्पष्ट शब्दांत विरोध केलेला आहे. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणे, मंडळीच्या वडीलजनांनी येऊन तेल लावणे, हे याकोबाच्या पत्रात आहे आणि ते आपण केले हे योग्यच केले. चूक झाली ती देवाच्या नावाने निकाल आधीच जाहीर करण्यात, आणि तो खोटा ठरल्यावर त्याचा भार शोक करणाऱ्या मुलीच्या माथी मारण्यात. ज्यांनी ते शब्द उच्चारले त्यांनी आपली क्षमा मागायला हवी. ते मागतील की नाही हे मला सांगता येत नाही. म्हणून त्याच सेवकवर्गातला एक वृद्ध माणूस या नात्याने ती मी मागतो.

मागण्याचा मला अधिकार आहे, कारण असा अपराध माझ्या हातूनही झालेला आहे. पाळकीची पहिली काही वर्षे होती. एका घरातला सहा वर्षांचा मुलगा तापाने गेला. दफनविधीत ‘मातीला माती’ म्हणून झाल्यावर बापाने ओंजळभर माती उचलली, पण ती खड्ड्यात टाकण्यासाठी त्याची मूठ उघडेना. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, ‘भाऊ, देवाची योजना असते.’ तो माझ्याकडे पाहत राहिला. शेवटी त्याच्या थोरल्या भावाने एकेक बोट धरून मूठ उघडली. माती पडली ती निम्मी त्याच्याच चपलेवर. पुढे तीन वर्षे तो माणूस चर्चमध्ये आला नाही, आणि मी मात्र तो ‘विश्वासात थंड पडला’ असे म्हणत राहिलो. त्याच्या घरी जाऊन, ‘तेव्हा मी गप्प राहायला हवे होते,’ हे सांगायला मला तितकी वर्षे लागली. त्याने चहा दिला, फार काही बोलला नाही, आणि पुढच्या रविवारी मागच्या बाकावर येऊन बसला.

आता ढोंगाविषयी. इंग्लंडचे इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ साली इव्हँजेलिकल परंपरेची चार लक्षणे सांगितली, ती आजही सर्वत्र उद्धृत होतात : व्यक्तिगत हृदयपालट, पवित्र शास्त्राला सर्वोच्च स्थान, वधस्तंभावर भर आणि कार्यतत्परता. या चारांनी आपल्याला पुष्कळ दिले. ‘मी ख्रिस्ती घरात जन्मलो’ एवढ्यावर न थांबता ‘मी स्वतः प्रभूला ओळखतो’ असे म्हणायला साध्या माणसांना याच परंपरेने शिकवले, आणि मी स्वतः तिचेच अपत्य आहे. परंतु पहिल्या लक्षणाची एक सावलीही पडते. विश्वासाची खूण अनुभव हीच ठरली, की अनुभव ओसरला त्या दिवशी माणसाला सगळेच संपल्यासारखे वाटते. त्यातून आपल्या साक्षीच्या वेळेला एक ठरावीक साचा आलेला आहे. आधी अंधार, मग प्रार्थना, मग उत्तर, मग टाळ्या. ज्याची गोष्ट अजून अंधारातच आहे त्याला त्या साच्यात उभे राहायला जागाच नसते. मग तो घरी बसतो किंवा खोटे बोलतो.

पवित्र शास्त्रात मात्र त्याला जागा आहे. दीडशे स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक स्तोत्रे विलापाची आहेत. बहुतेकांच्या शेवटी स्तुती येते. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तीही येत नाही, ते अंधाराच्या शब्दावरच संपते, आणि तरीही ते मंदिरात गाण्यासाठी दिलेले होते. आपल्या फेलोशिपमध्ये ते स्तोत्र शेवटचे कधी वाचले गेले, हे एकदा आठवून पाहावे. म्हणून माझे उत्तर असे : आत काही हलत नसताना गाणे हे ढोंग नाही, पण आपल्याला विसावा हवा आहे. पाळकांना भेटून तीन-चार महिने समोर उभे राहण्यातून मोकळीक मागावी आणि कारण खरे सांगावे. त्या काळात मागे बसावे. गावेसे वाटले तर गावे, नाही तर इतरांचे गाणे ऐकावे. पक्षाघात झालेल्याला चौघांनी खाटेसकट उचलून आणले तेव्हा येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असे शुभवर्तमानात मार्क लिहितो. काही महिने खाटेवर असण्यात लाज वाटण्याचे कारण नाही.

प्रभुभोजन अवश्य घ्यावे. ‘अयोग्य रीतीने’ खाण्याविषयी पौलाने करिंथ येथील मंडळीला जे लिहिले, ते संशयी मनाच्या लोकांना दूर ठेवण्यासाठी लिहिलेले नाही. तिथली सधन माणसे आधी येऊन पोटभर खात-पीत आणि गरीब बांधव उपाशी राहत. त्यांना दिलेला तो इशारा आहे. भाकरीसाठी पुढे केलेला हात रिकामा असणे, हीच तर त्या भोजनाची अट आहे.

मंडळी सोडण्याविषयी घाई करू नये. परंतु पाळकांशी बोलल्यावरही ‘विश्वास कमी पडला’ हेच पुन्हा ऐकावे लागले, तर अपराधी न वाटून घेता दुसरीकडे जावे. शहरात मंडळ्या पुष्कळ आहेत, आणि एक सभागृह सोडणे म्हणजे प्रभूला सोडणे नव्हे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडील आमच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडील मंडळावर आहेत. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील सहा दिवस आणि विज्ञान सांगते ते पृथ्वीचे वय यांचा मेळ कसा घालायचा, असे मी तरुण संघात विचारले. पुढाऱ्यांनी सांगितले, ‘असे प्रश्न सैतान मनात घालतो.’ त्यानंतर मी विचारणे बंद केले, पण प्रश्न बंद झाले नाहीत. आता मोबाइलवर जे सापडेल ते एकटाच वाचत असतो. कधी कधी वाटते की सगळेच खोटे असेल तर?

उत्तर : प्रश्न विचारलात हे चांगले केलेत, आणि ज्यांनी तो सैतानाच्या खात्यावर टाकला त्यांनी तुमच्याहून मोठी जोखीम घेतली, कारण त्यांनी तुम्हाला एकटे पाडले. निसर्गाविषयी जे अविश्वासी माणसालाही अभ्यासाने ठाऊक असते त्याविरुद्ध पवित्र शास्त्राचे नाव घेऊन बोलले, तर तो माणूस पुनरुत्थानाविषयी आपले का ऐकेल, ही चिंता डार्विनच्या कितीतरी आधी, पाचव्या शतकाच्या आरंभी, संत ऑगस्टीन यांनी उत्पत्तीवर लिहितानाच व्यक्त केली होती. सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचेच सहा दिवस आणि पृथ्वी काही हजार वर्षांचीच, या आग्रहाला इव्हँजेलिकल वर्तुळात आजच्यासारखा जोर आला तो मुख्यतः १९६० नंतरच्या अमेरिकेत. त्याआधी पवित्र शास्त्राचा अधिकार कसून मानणाऱ्या विद्वानांतही या बाबतीत बरीच मोकळीक होती. मानवी जनुकसंचाचा नकाशा तयार करण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाला. त्याचे नेतृत्व करणारे फ्रान्सिस कॉलिन्स हे तरुणपणी नास्तिक होते, विशीच्या उत्तरार्धात ख्रिस्ती झाले, आणि उत्क्रांती स्वीकारूनही आपला विश्वास त्यांनी उघडपणे मांडला आहे. त्यांचे सर्व म्हणणे तुम्ही मान्य करावे असे नाही. एवढेच सांगायचे आहे की पुढाऱ्यांनी तुमच्यासमोर दोनच दारे दाखवली, आणि दारे दोनच नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या मते उत्पत्तीच्या प्रश्नाहून महत्त्वाची आहे. ‘सगळेच खोटे असेल तर?’ हा प्रश्न रात्री दीड वाजता पडद्यावर बोट सरकवताना जितका मोठा वाटतो, तितका तो दुपारी दुसऱ्या माणसासमोर बसल्यावर वाटत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरही पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या त्रैक्याच्या सिद्धांतावरून आणि चर्चच्या अधिकारावरून आपल्या धर्ममातेशी, सिस्टर जेराल्डीन यांच्याशी, त्या पत्रांतून भांडत राहिल्या. विवेकाला पटल्याखेरीज मान डोलावणार नाही, हा त्यांचा बाणा होता. तो वाद पत्रांत झाला, माणसाशी झाला, आणि नाते तुटले नाही. पुढे त्यांनीच लिहून ठेवले की ख्रिस्ती धर्म आपल्याला आधी सापडला आणि ख्रिस्त कित्येक वर्षांनी. तुम्हीही असे एक माणूस शोधा. ते वडील असू शकतील का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक कळेल. पण वडील मंडळावरची माणसे घरात बहुधा आपल्याला वाटते त्याहून कमी कठोर असतात, आणि पुष्कळदा त्यांच्याही मनात असेच काही अडलेले असते. त्यांना बैठकीत नव्हे, घरी, दोघेच असताना विचारा.

प्रश्न : आम्ही पतिपत्नी सिडकोत राहतो. आमची मुलगी पुण्यात नोकरी करते. लहानपणी संडे स्कूलमध्ये वचने पाठ म्हणण्यात तिचा पहिला नंबर असे. आता ती म्हणते, ‘आई, मला सध्या चर्चला यायचे नाही, आणि मला त्यावर बोलायचेही नाही.’ नाताळात घरी आली तरी ती उपासनेला आली नाही. मी रोज तिला एक वचन व्हॉट्सॲपवर पाठवते. चुकते आहे का?

उत्तर : आपले प्रेम चुकीचे नाही, पण रोजचे वचन थांबवावे असे मला वाटते. आईच्या मेसेजमध्ये रोज तेच आले, की मुले तो न उघडताच पुढे जातात. त्याऐवजी जेवलीस का, ऑफिसात कसे चालले आहे, हे विचारावे, आणि प्रार्थना तिला न कळवता करावी.

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ साली आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी १८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. दुःखात, रागात आणि ताटातुटीत वर्षे गेली, आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली. टिळकांसारख्या वाणीच्या धन्याला आपला विश्वास स्वतःच्या पत्नीच्या मनात उचलून ठेवता आला नाही. त्यांच्या मनात तो त्यांच्याच पावलांनी आला, आणि आला तेव्हा त्यांचा स्वतःचा होता. आपल्या मुलीला पाठ असलेली वचने कुठे गेलेली नाहीत. ‘सध्या’ हा शब्द तिने वापरला आहे, तो मी दोनदा वाचला, आपणही वाचावा. पुढच्या नाताळात ती घरी राहिली तर उपासनेहून परत आल्यावर करंज्यांचा डबा तिच्यासमोर ठेवावा आणि ‘का आली नाहीस’ हे विचारू नये.

प्रश्न : मी स्वतः पाळक आहे. हे पत्र मी पत्नीलाही दाखवलेले नाही. गेले वर्षभर मी दर रविवारी संदेश देतो, घरोघरी प्रार्थना करतो, आजाऱ्यांना भेटतो, आणि एकटा असताना मला प्रार्थना करता येत नाही. डोळे मिटले की केवळ शांतता असते. लोक मला ‘आमच्या पाळकांचा विश्वास खंबीर आहे’ असे म्हणतात तेव्हा तेथून पळून जावेसे वाटते. राजीनामा देणे हाच प्रामाणिकपणा आहे का? मंडळीने दिलेले पाळकगृह सोडले तर दोन मुलांना घेऊन कुठे जायचे, हाही प्रश्न आहे.

उत्तर : बंधू, आपले पत्र हाती आले तेव्हा मी ते टेबलावर ठेवून बराच वेळ तसाच बसून होतो. आपण लिहिलेत याबद्दल आपले आभार मानतो.

राजीनामा आत्ता देऊ नये. प्रामाणिकपणा आणि घाई या दोन गोष्टी आहेत, आणि थकलेल्या माणसाला त्या एकसारख्याच दिसतात. आपल्या पत्रात मला अविश्वासापेक्षा थकवा अधिक दिसतो. वर्षभरात आपण सलग किती दिवस रजा घेतलीत? झोप कशी आहे? जेवण जाते का? हे आधी डॉक्टरांना दाखवावे. नैराश्य हा आजार आहे, आणि तो पाळकांना होत नाही असे कुठेही लिहिलेले नाही. संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून मरण मागू लागला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. दोनदा खाऊ घातले आणि दोनदा झोपू दिले.

तरीही, हा केवळ थकवा नसेल, शंका खरी असेल, असे गृहीत धरून पुढचे लिहितो. काशीचे पंडित नीळकंठशास्त्री गोरे यांनी १८४८ साली बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. षड्दर्शनांचा इतका जाणता पंडित ख्रिस्ती झाला याचा त्या काळी मोठा गाजावाजा झाला, परंतु शंकांनी त्यांचा पिच्छा बाप्तिस्म्यानंतरही सोडला नाही. दीक्षित पाळक झाल्यावरही त्यांचे मन पुनःपुन्हा हेलकावत राहिले. आणि याच गोऱ्यांच्या लिखाणाने पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती विश्वासाकडे वळायला मदत केली. ज्याच्या मनाला आयुष्यभर उसंत मिळाली नाही, त्याच्या शब्दांचा आधार दुसऱ्या एका थोर मनाला झाला. आपल्या संदेशातून आज कुणाला काय मिळत असेल, याचा निवाडा आपल्या स्वतःच्या कोरडेपणावरून करता येणार नाही.

व्यासपीठावरून हे एकदम सांगू नये. मंडळीला तो धक्का पेलवणार नाही, आणि आपल्यालाही. पण जे आपल्याला आज म्हणता येत नाही ते संदेशात म्हणूही नये. ज्या गोष्टी आपण अजून घट्ट धरून आहात, मग त्या दोनच असोत, त्यांवर बोलावे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने यार्देनेच्या काठी ज्याच्याकडे बोट दाखवले, त्यालाच पुढे तुरुंगातून निरोप पाठवून विचारले, की येणारा तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? येशूने त्याला दोष दिला नाही. निरोपे परत गेल्यावर लोकसमुदायासमोर त्याची थोरवी सांगितली. यावर एका रविवारी संदेश द्यावा असे मी आपल्याला सुचवतो. मनातले सारे न सांगताही आपण खरे बोललेले असाल, आणि त्या दिवशी दारात हात मिळवताना कोणी ना कोणी आपला हात जरा जास्त वेळ धरून ठेवील, हे मी अनुभवाने सांगतो.

पत्नीला मात्र सांगावे. त्यांना बहुधा ठाऊक आहे.

माझे वडील मला लहानपणी नाशिकच्या शरणपूर वस्तीची गोष्ट सांगत असत. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने ती वसवली, आणि घरादाराला मुकलेले नवख्रिस्ती तेथे राहू लागले. अरबांच्या गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी गुलाम मुलेही तेथे आणली गेली. त्यांतलाच जेकब वेनराइट हा तरुण १८७३ साली आफ्रिकेच्या अंतर्भागात मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या दफनाच्या वेळी प्रार्थना वाचत होता. वडील या गोष्टीत नेहमी एका ठिकाणी थांबत आणि विचारत, ‘त्या पोरांना पहिल्या रात्री काय वाटले असेल?’ भाषा अनोळखी, देव अनोळखी, आईबापांचा पत्ता नाही. तेथे येण्याआधी त्यांच्याकडे कुणी विश्वासाचा दाखला मागितला नव्हता. आधी छप्पर मिळाले, सुतारकाम-लोहारकाम शिकायला मिळाले, प्रार्थना मागून आली. गावाला नाव मिळाले ते शरण आलेल्यांवरून. पाळकालाही कधी तरी शरण येता यायला हवे, आणि आपल्या मंडळ्यांनी पाळकगृहाची किल्ली आणि पाळकाच्या मनाची अवस्था या दोन गोष्टी एकमेकींना बांधून ठेवल्या आहेत, ही त्यांची मोठी चूक आहे. वडील मंडळांनी हा मजकूर वाचला तर वर्षातून एक महिना पाळकाला पूर्ण विसावा आणि त्याला गुपचूप बोलता येईल असा मंडळीबाहेरचा एक ज्येष्ठ सेवक, एवढी तरतूद आपल्या पुढच्याच बैठकीत करावी.

तोवर आपल्यासाठी मी काय करू शकतो ते लिहितो. बहुतेक पाळकांप्रमाणे आपलाही सोमवार मोकळा असेल. मासिकाच्या कार्यालयात निरोप ठेवलात तर मला मिळेल. त्यात नाव किंवा मंडळी लिहिण्याची गरज नाही, वेळ तेवढी लिहावी. आपण येऊन नुसते बसलात तरी चालेल. प्रार्थना करायची असेल तर ती मी करीन, आणि ‘आमेन’ आपल्याला म्हणवले नाही तर तेही मीच म्हणेन.